बागकाम (थंड प्रदेश): व्हायबर्नम कोणतं लावायचं आणि कसं जपायचं?

केतकीबन

एप्रिल संपता संपता न्यू जर्सीत संध्याकाळी फिरताना एखाद्या अंगणातून लवंगेच्या वळणाचा गोड, दाट वास आला, तर जरा थांबून बघा. बहुतेक वेळा ते व्हायबर्नम कार्लेसी असतं, म्हणजे नर्सरीवाले ज्याला कोरियन स्पाइस व्हायबर्नम म्हणतात ते. कळ्या गडद गुलाबी, उमलल्यावर फूल पांढरं, आणि मूठभर फुलांचा गोल गुच्छ. एकाच गुच्छात अर्ध्या कळ्या नि अर्धी फुलं असली की दोन्ही रंग एकदम दिसतात.

आपल्या लोकांच्या अंगणात मला हायड्रेंजिया, गुलाब, बॉक्सवुड आणि कुंपणाला आर्बरविटी हेच सगळीकडे दिसतं. मोगरा, प्राजक्त इथल्या थंडीत घराबाहेर टिकत नाहीत म्हणून सगळे हळहळतात, आणि बाहेर बर्फात उभं राहून वसंतात घमघमणारं झुडूप मात्र कुणी लावत नाही. म्हणून हा धागा.

व्हायबर्नम हे एका झाडाचं नाव नाही. दीडशेहून जास्त प्रजाती आहेत. काहींना वास आहे, काहींना अजिबात नाही. काही चार फुटांवर थांबतात, काही पंधरा फुटांवर जातात. काही सदाहरित, काही पानगळीचे. त्यामुळे 'एक व्हायबर्नम द्या' असं सांगून काही आणू नका. लेबलवरचं पूर्ण नाव वाचा. पुढची निम्मी डोकेदुखी तिथेच वाचते.

लहान अंगणासाठी माझी पसंती अशी:

कार्लेसी: चार ते सहा फूट, वाढ सावकाश. वास सगळ्यात चांगला. पानांवर ठिपके पडण्याची तक्रार मात्र असते.

जुडी: कार्लेसीचंच संकरित रूप. बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये (म्हणजे वृक्षोद्यानात) विल्यम जड यांनी १९२० मध्ये हा संकर केला. वास किंचित हलका, पण पानं जास्त निरोगी. पहिल्यांदाच लावणार असाल तर हेच घ्या.

मोहॉक: वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये डोनाल्ड एगोल्फ यांनी तयार केलेलं, १९६६ साली बाजारात आलं. याच्या लालभडक कळ्या उमलण्याआधी बरेच दिवस दिसत राहतात, त्यामुळे शोभा लवकर सुरू होते.

शास्ता: हेही एगोल्फ यांचंच, १९७९ चं. वास नाही, पण आडव्या फांद्यांवर पांढऱ्या चपट्या गुच्छांच्या दुहेरी ओळी येतात. उंची सहा फूट आणि रुंदी दहा-बारा फूट! खिडकीखाली लावू नका, मोकळं लॉन असेल तरच.

लावण्याबद्दल थोडक्यात. निदान अर्धा दिवस ऊन, पाणी न साचणारी पण ओल धरणारी जमीन, किंचित आम्लधर्मी असली तर उत्तम. खड्डा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली मुळांच्या गोळ्याएवढीच. खोड जिथे मुळांकडे पसरट होतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. कुंडीत मुळं गोल गोल फिरलेली असतील तर बाजूने कापून मोकळी करा. वरून दोन-तीन इंच मल्च (साल-पाल्याचं आच्छादन), पण खोडाला टेकवून ढीग करायचा नाही. पहिलं वर्षभर आठवड्याला साधारण एक इंच पाणी, पावसाचं धरून.

बाकी प्रश्न आले की बोलू.

---

आंबटगोड

केतकीताई, फार उपयोगी धागा. आमच्या घराच्या आधीच्या मालकांनी पुढच्या दाराशी कार्लेसी लावलेलं आहे (लेबल अजून फांदीला लटकतंय म्हणून नाव कळलं). झुडूप हिरवंगार असतं, पण वसंतात फुलं मोजकीच, तीही अगदी आत, खोडाजवळ. खत घालून पाहिलं. ऊन भरपूर आहे. काय कमी पडतंय?

---

केतकीबन

आंबटगोड, छाटणी कोण करतं आणि कधी?

---

आंबटगोड

लॉन कापायला येतात तेच लोक. ऑक्टोबरात पानं गोळा करायला येतात तेव्हा सगळी झुडपं यंत्राने गोल करून जातात.

---

केतकीबन

मग कारण सापडलं. कार्लेसीची फुलं जुन्या लाकडावर येतात. पुढच्या वसंताच्या कळ्या याच वर्षीच्या उन्हाळ्यात तयार होतात आणि हिवाळाभर फांदीच्या टोकाला बसून राहतात. ऑक्टोबरात वरून गोल कापलं की पुढच्या वर्षीची फुलं पानांच्या पोत्यात जातात. आतल्या फांद्यांपर्यंत यंत्र पोचत नाही, म्हणून तुम्हाला फुलं फक्त आत दिसतात.

पानं गळाल्यावर फांदीचं टोक जवळून बघा. पानाची कळी अरुंद आणि टोकदार असते. फुलाची कळी तिच्यापेक्षा फुगीर, आणि तिच्यावर खवल्यांचं झाकण नसतं. करड्या-तपकिरी लवेने मढवलेला बारीक कळ्यांचा घट्ट गुच्छ उघड्यावरच बर्फ सोसत बसलेला असतो. एकदा ओळखता आला की कात्री चालवायला हात धजत नाही.

नियम एकच: फुलं सुकली की लगेच छाटायचं, मे अखेरपर्यंत. त्यानंतर हात लावायचा नाही. आणि यंत्राने गोल कधीच नाही. झुडूप जुनं, दाट झालं असेल तर सगळ्यात जाड खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत कापा, पुढच्या दोन वर्षांत उरलेली. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि मधली दोन्ही वर्षं फुलं बघायला मिळतात.

नायट्रोजन जास्त असलेलं खत बंद करा. त्याने पानंच वाढतात. वर्षातून एकदा कंपोस्टचा थर पुरे. आणि लॉनवाल्यांना स्पष्ट सांगा, हवं तर फांदीला रंगीत फीत बांधा.

---

सह्यकडा

अपस्टेट न्यू यॉर्कहून लिहितोय. या धाग्यात एका किडीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्हायबर्नम लीफ बीटल.

ही मूळची युरोपातली. कॅनडात १९४७ पासून नोंद आहे, न्यू यॉर्क राज्यात १९९६ मध्ये ऑन्टारिओ सरोवराच्या काठी सापडली आणि तिथून पसरत गेली. आमच्या भागात ओढ्याकाठी आणि जंगलाच्या कडेला ॲरोवुड (व्हायबर्नम डेंटाटम) भरपूर असायचं. कितीतरी ठिकाणी आता त्याच्या वाळलेल्या काटक्या उरल्यात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ते इथलं स्वतःचं झाड आहे.

मे महिन्यात बारीक पिवळसर अळ्या निघतात आणि पानाच्या खालच्या बाजूने खायला लागतात. शिरा तेवढ्या उरतात, पान जाळीसारखं होतं. जूनच्या मध्यावर अळ्या मातीत उतरून कोष करतात, जुलैत तपकिरी भुंगेरे बाहेर येतात आणि तीच पानं पुन्हा खातात. म्हणजे झाडाने कशीबशी नवी पालवी फोडली तर तीही जाते. असं दोन-तीन वर्षं लागोपाठ झालं की झुडूप मरतं.

पण हिचा एक कच्चा दुवा आहे. मादी अंडी घालते ती त्याच वर्षीच्या कोवळ्या, बारीक फांद्यांच्या खालच्या बाजूला. फांदी उलटी करून बघा. शिवणीचे टाके घातल्यासारखी सरळ ओळ दिसेल, प्रत्येक टाका म्हणजे कुरतडलेलं एक भोक आणि त्यावर चघळलेल्या लाकडाचं काळपट बूच. प्रत्येक बुचाखाली काही अंडी. एक मादी पाचशेपर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी ऑक्टोबर ते एप्रिल तिथेच असतात. पानं नसताना झुडपाभोवती निवांत फिरून अशी टोकं कापा, पिशवीत भरून कचऱ्यात टाका किंवा जाळा. फवारणीपेक्षा हे काम जास्त गुण देतं. केतकीताईंचा 'मेनंतर हात लावू नका' हा नियम इथे मोडावा लागतो आणि काही फुलं जातात, पण झाड वाचतं.

काही टोकं नजरेतून सुटली तर अळ्या लहान असतानाच, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात, कीटकनाशक साबणाचं पाणी पानांच्या खालून मारा. अंगावर पडलं तरच मरतात, वरून शिंपडून उपयोग नाही. मुळातून शोषली जाणारी औषधं मात्र फुलणाऱ्या झुडपाला देऊ नका. परागातून मधमाश्यांपर्यंत जातात.

या किडीला सगळ्यात आवडतात डेंटाटम, ओप्युलस (स्नोबॉल, हायबुश क्रॅनबेरी) आणि रॅफिनेस्क्वियानम. जवळजवळ सोडून देते ती कार्लेसी, जुडी आणि शास्ताचं कूळ. म्हणून आमच्याकडे नवीन लावणाऱ्याला मी सांगतो, सुवासाचीच लावा.

---

रानवाटा

सह्यकडा, किडीची माहिती उत्तम, पण निष्कर्षाशी सहमत नाही. कार्लेसी कोरियाचं, शास्ताचे पूर्वज चीन-जपानचे. दिसायला सुंदर आहेत, पण इथल्या पक्ष्यांना आणि सुरवंटांना त्यांचा उपयोग किती? ॲरोवुडची निळी-काळी फळं सप्टेंबरात पिकतात, नेमकी स्थलांतराच्या वेळी, आणि त्यांत चरबी भरपूर असते. लांबच्या प्रवासाला निघालेल्या पक्ष्याला तेच हवं असतं. रॉबिन, कॅटबर्ड, वॅक्सविंग दोन आठवड्यांत झुडूप साफ करतात. कीड येते म्हणून आपणच स्थानिक झाड लावणं सोडलं तर ते नर्सरीतूनही जाईल.

मी मेरीलँडमध्ये आहे. इथे मी मागच्या कुंपणाला डेंटाटम, न्यूडम आणि प्रुनिफोलियम (ब्लॅकहॉ) अशी मिश्र ओळ लावली आहे. न्यूडम ओलसर जागेतही तग धरतं आणि शरदात पानं लालबुंद होतात. त्याची फळं आधी गुलाबी, मग निळी, एकाच झुपक्यात दोन्ही रंग. ब्लॅकहॉ उंच जातं, छोटं झाडच म्हणा.

---

सह्यकडा

रानवाटा, तुमचं म्हणणं रास्त आहे, मीही पक्ष्यांसाठीच हळहळतो. पण जिथे दरवर्षी कीड ठाण मांडून आहे तिथे नवख्या माणसाने डेंटाटमची ओळ लावली आणि हिवाळ्यात टोकं कापली नाहीत, तर तो किडीला खानावळ उघडून देतो. ज्यांना दर हिवाळी ते काम जमणार आहे त्यांनी जरूर लावावं. आणि स्थानिकच हवं, पण एवढी मेहनत जमणार नाही, त्यांनी ब्लॅकहॉ किंवा नॅनीबेरी (लेंटागो) लावावं. त्यांच्यावर कीड येते, पण डेंटाटमइतका फडशा पाडत नाही.

---

रानवाटा

हे मान्य. ब्लॅकहॉ लावणाऱ्यांना माझं पूर्ण अनुमोदन.

---

मृद्गंध

माझ्याकडे न्यूडमची विंटरथर ही जात आहे. फुलं भरपूर येतात, पण फळ एकही धरत नाही. जवळ मधमाश्या आहेत. झुडूप नर-मादी वेगळं असतं का?

---

केतकीबन

नाही, एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण बहुतेक व्हायबर्नम स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत. त्याच प्रजातीचं, पण वेगळ्या जातीचं दुसरं झुडूप त्याच वेळी फुललेलं हवं. एकाच जातीची दोन रोपं लावून भागत नाही, कारण ती एकाच रोपाची कलमं असतात. विंटरथरच्या जोडीला ब्रँडीवाइन लावतात. डेंटाटमची ब्लू मफिन ही जात असेल तर जोडीला शिकागो लस्टर. शेजाऱ्यांचं झुडूप असलं तरी चालतं, मधमाश्यांना कुंपण नसतं.

आणि स्नोबॉल लावून फळांची वाट बघणाऱ्यांसाठी: ओप्युलस रोझियमचे पांढरे चेंडू पूर्ण वांझ फुलांचे असतात. तिथे फळ येणारच नाही.

---

यॉर्कशायरची_सून

इंग्लंडातून हजेरी. इथे तीच कीड व्हायबर्नम टायनसवर तुटून पडते. टायनस सदाहरित असल्याने हिवाळ्यातही भोकं पडलेली पानं दिसत राहतात आणि फार केविलवाणं वाटतं. तरी लोक लावतात, कारण ऐन थंडीत फुलतं.

मी मात्र बॉडनंटेन्स डॉनची चाहती आहे. उत्तर वेल्समधल्या बॉडनंट बागेत १९३५ च्या सुमारास झालेला संकर. पानं गळून गेल्यावर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उघड्या काटक्यांवर गुलाबी झुपके येत राहतात. दव गोठवणारी कडक थंडी पडली की उमललेली फुलं काळवंडतात, पण थोडी ऊब आली की मागच्या कळ्या उमलतात. चार वाजता अंधार पडणाऱ्या दिवसांत स्वयंपाकघराच्या दाराशी असा वास असणं फार मोलाचं आहे. एक छोटी डहाळी घरात आणली तरी खोली भरते.

उंची मात्र आठ-दहा फूट धरा. छाटणी मार्च-एप्रिलमध्ये, फुलं संपल्यावर, आणि जुनी खोडं तळातूनच काढायची. टोकं खुडत बसलं तर झाडूसारखं दिसतं.

---

देवदार

यॉर्कशायरची_सून, तुमच्या डॉनची एक बाजू आपल्याकडची आहे! त्याच्या पालकांपैकी एक चीनचं फारेरी, दुसरं ग्रँडिफ्लोरम, आणि ते हिमालयातलं. काश्मीरमध्ये बर्फ वितळत असताना देवदारांच्या खाली पानं नसलेल्या झुडपांवर गुलाबी झुपके पाहिले आहेत. सोबतच्या कुणालाच नाव माहीत नव्हतं. इथे तुमचं वर्णन वाचल्यावर पटलं की तेच.

---

नाना_शिकागो

आमच्याकडची अडचण वेगळी. कार्लेसीच्या बुंध्यातून सरळसोट नवीन खोडं निघाली, त्यांची पानं मोठी आणि जास्त खरखरीत, फुलं पांढरी पण बिनवासाची. नर्सरीत विचारलं तर म्हणाले, असंच असतं, वाढू द्या. पटलं नाही म्हणून इथे विचारतो.

---

केतकीबन

नाना, वाढू देऊ नका. कार्लेसी पुष्कळदा व्हायबर्नम लँटानाच्या खुंटावर कलम केलेलं असतं. ते खुंटाचे फुटवे आहेत. लँटानाचा जोर जास्त, काही वर्षांत ते कार्लेसीला गिळून टाकेल. माती उकरून फुटवा मुळापासून जिथे निघतो तिथपर्यंत जा आणि ओढून तोडा. वरवर कापलं तर एकाचे चार होतात.

यापुढे कुणी कार्लेसी घेत असेल तर 'स्वतःच्या मुळांवरचं आहे का' हे विचारूनच घ्या. शिकागोच्या चिकण आणि चुनखडीच्या मातीत कार्लेसीपेक्षा जुडी बरं चालतं असा माझ्या तिथल्या मैत्रिणींचा अनुभव आहे. आणि हिवाळ्यात ससे कोवळ्या खोडाची साल खातात, बुंध्याभोवती दोन-अडीच फूट उंच तारेची जाळी लावा.

---

ह्यूस्टनकर

टेक्सासच्या उन्हात यातलं काय जगेल?

---

केतकीबन

कार्लेसी नाही. सदाहरित कुंपणासाठी व्हायबर्नम ओडोराटिसिमम किंवा त्याच कुळातलं आवाबुकी. भराभर वाढतं आणि वर्षातून दोन-तीनदा कापावं लागतं. सतत कापल्याने फुलं कमी येतात, तेव्हा ते फुलांसाठी नको, आडोशासाठीच लावा. आणि तुमच्या राज्याचं स्वतःचं रुफिड्युलम आहे, चकचकीत पानांचं आणि उन्हाला काटक. फुलं, फळं, शरदातला रंग तिन्ही मिळतील.

---

पेठकरीण

पुण्यात येईल का हो? बिया आणल्या तर? वाचूनच वास यायला लागला.

---

केतकीबन

पेठकरीण, तुमचा उत्साह बघून 'हो' म्हणावंसं वाटतं, पण नाही. या सुवासिक जातींना लांब, कडक थंडी लागते, ती नसेल तर कळ्या नीट सुटत नाहीत आणि पुण्याचा एप्रिल-मे झुडूप सोसणार नाही. बियांचं म्हणाल तर बऱ्याच जातींचं बी आधी उबेत आणि मग थंडीत, असे दोन टप्पे घेतल्याशिवाय उगवत नाही, दोन वर्षंही जातात. शिवाय बी-रोपं भारतात आणायला वनस्पती विलगीकरणाचे नियम आहेत, परवाना लागतो. सामानात घालून आणू नका. एक परदेशी कीड काय करू शकते ते वर सह्यकडांनी लिहिलंच आहे.

तुमच्यासाठी कामिनी लावा. पांढरे झुपके, रात्रीचा वास, कुंपणालाही चालते आणि पुण्याच्या हवेत बहरते.

---

आंबटगोड

लॉनवाल्यांशी बोलले. समोरच्या झुडपाला हात लावणार नाहीत असं कबूल केलंय. आता दुसरं: याचंच अजून एक रोप करता येईल का? आईच्या घरी लावायचं आहे.

---

केतकीबन

येईल. सगळ्यात सोपं म्हणजे दाब कलम. जमिनीलगतची लवचिक फांदी निवडा, वाकवून जिथे माती लागते तिथे खालून साल थोडी खरवडा, तो भाग तीन-चार इंच मातीत दाबून वर दगड ठेवा, टोक बाहेर राहू द्या. आता केलं आणि ओल राखली तर पुढच्या वसंतापर्यंत मुळं धरतील. तेव्हा हलकेच ओढून बघा, अडलं तर मुळं आली. मगच आईझाडापासून तोडायचं. असं केलेलं रोप स्वतःच्या मुळांवर असतं, म्हणजे नानांसारखा फुटव्यांचा त्रासही नाही. तुमचं कलमी असेल तर फांदी कलमाच्या सांध्याच्या वरची घ्या, खालून निघालेली नको. नव्या नावाजलेल्या जातींपैकी काहींना पेटंट असतं, लेबलवर तसं छापलेलं असेल तर त्यांचं कलम करू नका. साध्या कार्लेसीला ती अडचण नाही.

ज्यांना विकतच घ्यायचं आहे त्यांनी शक्यतो याच आठवड्यांत, फुलं असताना नर्सरीत जाऊन वास घेऊन निवडा. बॉस्टनकरांनी अर्नोल्ड आणि वॉशिंग्टनकरांनी नॅशनल आर्बोरेटममध्ये आधी मोठी झालेली झुडपं बघून यावं, दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे. रुंदीचा अंदाज कुंडीतल्या रोपावरून कधीच येत नाही.

---

सह्यकडा

आणि घेताना कोवळ्या फांद्या उलट्या करून टाक्यांची ओळ बघा. दिसली तर सवलत कितीही असो, ते रोप घरी नेऊ नका. दुकानदारालाही दाखवा.